गल्फवाले मेजर

दौलत ढोके यांना आमच्या कॉलनीत सगळे मेजर म्हणत. फौजेतून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, पण आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. सुरुवातीला ते प्रत्येकाला दुरुस्त करायचे, "मेजर नाई, हवालदार." मग त्यांनी ते सोडून दिलं. मी त्यांना ओळखायला लागलो तोवर त्यांनी पुष्कळच गोष्टी सोडून दिल्या होत्या आणि राहिलेल्या एकेक करत सोडत चालले होते. त्यातली एक माझ्यामुळे सुटली. ती सांगावी म्हणूनच हे लिहायला बसलो असेन बहुतेक.

मी यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याच्या एका शाळेत पी.टी. शिकवायचो. आमची कॉलनी एमआयडीसीच्या मागे, अर्धे प्लॉट बांधलेले, अर्धे रिकामे. एका सकाळी फिरायला निघालो तर मेजरांच्या घराशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर ते एकटेच उभे होते. हातात लोखंडाची बारीक, टोकाशी वाकलेली काठी. पाय फाकवून उभे राहायचे, कमरेतून वळायचे आणि काठी फिरवायचे. समोर चेंडूबिंडू काही नाही. काठी जमिनीला न लागता गवताचे फक्त शेंडे उडवून जायची, दर वेळी तेवढेच. तीस वर्षं मुलांची अंगं वळवून घेण्यात गेलेला मी माणूस. असं घोट्यापासून खांद्यापर्यंत एका लयीत वळलेलं अंग मी आमच्या भागात पाहिलं नव्हतं.

"हॉकी खेळता का?" मी विचारलं.

"नाई सर. गोल्फ."

गोल्फबद्दल मला आमच्या कॉलेजातल्या पुस्तकातलं एक पान माहीत होतं, तेही परीक्षेपुरतं. पुढे काय विचारावं ते कळेना. ते म्हणाले, "चाला, तुमचा टाइम होऊन राह्यला," आणि परत वळले.

माझ्यासारख्या पी.टी.च्या मास्तराची ही गत, तर बाकीच्यांचं काय सांगावं. मारेगावजवळच्या त्यांच्या गावात तर त्यांचं आख्खं आयुष्य एका घोटाळ्यावर चाललं होतं. ही गोष्ट त्यांची बायको, कौसल्याबाई, फार रंगवून सांगायच्या. फौजेतून सुट्टीवर आलेल्या दौलतनं एकदा गावात सांगितलं की मी गोल्फ खेळतो. गावानं ऐकलं गल्फ. दौलत गल्फात असते. दुबईकडं. मग काय, येईल तो विचारायचा, आमच्यासाठी घड्याळ आणलं का, सोनं तिकडं स्वस्त हाय म्हनते, आमच्या पोट्ट्याले लावून द्या ना तिकडं. कौसल्याबाईंच्या माहेरी तर लग्नाच्या बोलणीतच कुणीतरी सांगितलं होतं, जावई गल्फवाला आहे.

"मंग तुमाले कवा कळलं?" माझ्या बायकोनं एकदा विचारलं.

"लगन झाल्यावर सहा महिन्यानं. मी म्हटलं, तुमी तं उन्हातान्हात वावरातच हिंडता म्हनं तिकडं, अन बॉल ढुंढता. मंग थे गल्फ कोनतं?" आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. मेजर शेजारी बसून भिंतीकडे बघत असायचे.

सवयी त्यांच्या विचित्र होत्या. कुठंही गेले की अंतर सांगायचे. "तुमच्या गेटपासून पानटपरी एकशे बेचाळीस यार्ड." मोजलेलं नसायचं, नुसतं बघितलेलं. आमच्या घरी नवी फरशी बसवली तेव्हा बघायला आले. सगळ्यांनी रंगाचं कौतुक केलं. मेजर दाराशी उकिडवे बसले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "पानी त्या कोपऱ्यात जमा होईन, सर." मिस्त्री चिडला. त्यानं पातळी लावून दाखवली, अगदी सरळ. दुसऱ्या दिवशी बायकोनं फरशी धुतली तर पाणी बरोबर त्या कोपऱ्यात. जमिनीचा उतार त्यांना तळपायातून कळायचा. बाकी बोलणं कमी. एकच वाक्य मी त्यांच्या तोंडून चारपाच वेळा ऐकलं असेल: "बॉलले तुमचं आडनाव माईत नसते, सर." हे ते अभिमानानं म्हणायचे.

फौजेत त्यांना नेमणूक मिळाली होती एका कर्नलसाहेबांच्या हाताखाली. छावणीत गोल्फचं मैदान होतं. साहेबांची बॅग खांद्यावर घेऊन मागं चालायचं, बॉल कुठं पडला ते बघायचं आणि खेळ नसेल तेव्हा गवत कापायचं. तुटक्या काठीचं लोखंडी डोकं बांबूला बांधून हा माणूस दुपारी, साहेब लोक झोपले असताना, खेळायला लागला. एकदा कर्नलसाहेब अवेळी आले आणि झाडाखाली उभं राहून बघत बसले. मेजरना वाटलं आता शिक्षा. साहेबांनी विचारलं, "किसने सिखाया?" हे म्हणाले, "आपने साब. पीछे से देखके." पुढच्या महिन्यात साहेबांनी त्यांचं नाव फौजेच्या संघात टाकलं.

तिथून दहाबारा वर्षं ते हौशी खेळाडू म्हणून खेळले. देशभर. फौजेची स्पर्धा तीनदा जिंकली. चषक रेजिमेंटच्या काचेच्या कपाटात राहिले, घरी एकही नाही. हौशी म्हणजे नेमकं काय, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ज्याले खेळाचे पैशे भेटत नाई थो. तसे तं आमी जल्मापासूनच हौशी." मी हसलो. ते हसले नाहीत.

हौशी खेळाडूंच्या राष्ट्रीय स्पर्धेत ते एकदा उपांत्य फेरीपर्यंत गेले. त्या संध्याकाळी क्लबात जेवण होतं. फौजेनं दिलेला कोट घालून मेजर एका खांबाशी उभे होते. एक बाई बोलता बोलता आल्या आणि रिकामा ग्लास त्यांच्या हातात देऊन पुढं गेल्या.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. नेऊन ठेवला ना आत. किचनमधी."

"सांगायचं नाही का, की मी खेळाडू आहे?"

"ग्लास हातात आलता, सर. तवा सांगून काय उपेग?"

फौजेतून सुटल्यावर ते व्यावसायिक झाले. छत्तिसावं चालू होतं. त्यासाठी चार दिवसांची चाचणी असते, ती त्यांनी पहिल्याच झटक्यात पार केली. कौसल्याबाई आणि लहानगी लेक वर्षा गावी मारेगावकडे. हे रेल्वेच्या जनरल डब्यात स्टिकांची बॅग मांडीवर घेऊन दिल्ली, कलकत्ता, बंगळूर. बाकीचे खेळाडू हॉटेलात, हे बॅग उचलणाऱ्यांच्या खोल्यांमध्ये, कारण तिथली माणसं ओळखीची. कधी दहावे, कधी पंधरावे. तिसऱ्या वर्षी बंगळूरला ते शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या पुढं होते.

त्या दिवसाची एक पितळी पाटी त्यांच्या बैठकीत लावलेली होती. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की खेळातील प्रामाणिकपणाबद्दल हा सन्मान. पाटी कौसल्याबाईंनी लावली होती आणि दर रविवारी त्या चिंच लावून घासायच्या. गोष्ट आम्हाला त्यांनीच सांगितली. अठराव्या भोकाशी, शेवटच्या हिरवळीवर, मेजर बॉलशी उभे राहिले आणि त्यांना दिसलं की फटक्याआधीच बॉल जरासा हलला. ज्वारीच्या दाण्याएवढा. कोणाला दिसलं नव्हतं. मेजरनी स्वतः पंचाला बोलावून सांगितलं आणि स्वतःवर एका फटक्याचा दंड ओढवून घेतला. गोल्फात ज्याचे फटके कमी तो पुढं; त्या एका जादा फटक्यानं पहिला नंबर बरोबरीत आला, मग दोघांना एक जादा भोक खेळायला लावलं आणि त्यात ते हरले. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, इमानदार फौजी. जिंकलेल्याचं नाव खाली, बारीक.

"असे हायेत हे," कौसल्याबाई म्हणायच्या. आणि मेजर उठून बाहेर जायचे. आम्हाला वाटायचं, विनय.

त्यानंतर सात वर्षं ते खेळले खरे, पण कुठंच वर आले नाहीत. शेवटी सोडून दिलं. मग नागपूरला एका मैदानावर गवताची देखरेख केली आणि वय झाल्यावर लोहाऱ्याला हे छोटं घर बांधून आले. वर्षा तोवर नोकरीला पुण्याला गेली होती.

इथं आल्यावर दुसऱ्या वर्षी त्यांनी शेजारच्या प्लॉटवर हिरवळ करायला घेतली. प्लॉटचा मालक अमरावतीला. त्यानं फोनवर सांगितलं, वापरा, नाहीतरी गाजरगवतच आहे. नागपूरहून त्यांनी ओल्या पोत्यात गुंडाळून एका खास जातीच्या गवताची मुळं आणली. आपली जमीन मुरमाड. त्यांनी गोटे वेचले, माती चाळली, वाळू मिसळली. सिमेंट भरलेल्या पाइपचा रूळ केला. सकाळी एका बाजूनं मेजर आणि दुसऱ्या बाजूनं लुगड्याचा काष्टा खोचलेल्या कौसल्याबाई तो रूळ ओढताना दिसायच्या. गवत ते आधी कात्रीनं कापायचे, शिंपी कापतो तसं, बसून. दोन पावसाळे गेल्यावर वीस बाय वीस फुटांचा एक हिरवा तुकडा तयार झाला. मी त्यावर हात फिरवून पाहिला. मांजराच्या पाठीसारखा लागला.

त्या हिरवळीवर मी मेजरना एकदाच हसताना पाहिलं. त्यांनी कौसल्याबाईंच्या हातात छोटी सपाट स्टिक दिली आणि म्हणाले, "मार." त्या म्हणाल्या, "मले काय येते?" "मार तं." त्यांनी केर लोटावा तशी स्टिक लोटली. बॉल उतारावरून वळला, थबकला आणि दहा फुटांवरच्या भोकात टुपकन पडला. कौसल्याबाई घाबरल्या, "काय झालं? चुकलं का?" मेजर हसत हसत खाली बसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "चाळीस वर्षं, सर," ते मला म्हणाले, "चाळीस वर्षं मी हेच करून राह्यलो अन हिनं पयल्याच फटक्यात—" आणि पुन्हा हसायला लागले.

ते स्वतः मात्र त्या हिरवळीवर बॉल भोकात ढकलायचे नाहीत. मला ते उशिरा लक्षात आलं. लांबून मारायचे, भोकापासून दोनतीन फुटांवर बॉल आणून ठेवायचे आणि मग वाकून हातानं उचलून घ्यायचे.

त्याच हिवाळ्यात आमच्या शाळेत मूल्यशिक्षणाचा सप्ताह होता. प्रामाणिकपणावर बोलायला कुणी हवं होतं. मला अर्थातच मेजर आठवले. ते नाही नाही म्हणत होते, पण कौसल्याबाईंनी कोटाला इस्त्री करून ठेवली. मी मुलांना ज्वारीच्या दाण्याची गोष्ट सांगितली, टाळ्या झाल्या, आणि मेजर माइकसमोर उभे राहिले. माइकची उंची खालीवर केली. मग म्हणाले, "चांगले राहा. अभ्यास करा." आणि खाली बसले.

घरी परत चालत येताना एमआयडीसीच्या भिंतीजवळ ते थांबले.

"सर, थे गोष्ट आता सांगू नका कोनाले."

"का हो? एवढी चांगली गोष्ट."

"बॉल हलला नव्हता."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"किंवा हलला असन. मले माईत नाई. तवाबी माईत नव्हतं." ते रस्त्याकडे बघत बोलत होते. "मी बॉलशी उभा होतो. सोबत जो खेळून राह्यलता, मोठ्या घरचा पोरगा होता, चांगला होता. त्यानं मायाकडं पायलं. बस, पायलं. काही बोलला नाई. सर, मी साहेबांच्या बॅगा उचलत होतो न, तवा बॉल हरवला की पयले आमचे खिशे पायत. रोज. आपलेच खिशे आपनच उलटे करून उभं राहाचं. त्यानं पायलं अन मले वाटलं, याले वाटलं मी बॉल सरकवला. आता हा म्हनन. आता सगळ्याइच्या समोर म्हनन. तं त्यानं म्हनाच्या आंधी मीच हात वर केला. सांगून टाकलं, हलला म्हनून."

"पण तो काही म्हणालाच नसता तर?"

"तेच तं," मेजर म्हणाले. "मंग रात्री जेवताना त्यालेच इचारलं. म्हटलं तुमी काहून पायलं? थो म्हने, तुमची टोपी पाहत होतो, तशी मला घ्यायची होती."

एक ट्रक गेला. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही उभे राहिलो.

"लोक म्हनते इमानदारी. थे भेव होतं, सर. साधं भेव. बॉलले आडनाव माईत नसते, पन मले तं माईत होतं ना."

मग हाताचं त्यांनी सांगितलं. जादा भोकाला तीन फुटांचा फटका होता, डोळे मिटून गेला असता. स्टिक मागं नेली आणि उजवा हात आपोआप झटका देऊन गेला, विजेची तार लागल्यासारखा. त्या दिवसापासून छोट्या फटक्याला दर वेळी तो झटका. दोनशे यार्डांचा फटका सुतासारखा सरळ, आणि दोन फुटांचा जमेना. डाव्या हातानं करून पाहिलं. डोळे मिटून करून पाहिलं. डॉक्टरांनी मशिनीत घालून सांगितलं, हाताला काही नाही. दहा दिवस मौन पाळून ध्यानालाही बसले. "मी सारा शांत झालतो," ते म्हणाले, "हात नाई झाला."

"वहिनींना माहीत आहे?"

त्यांनी मान हलवली, नाही. "थे पाटी घासते ना. घासू द्या."

त्यानंतर त्यांच्या बैठकीत बसलं की मला त्या पाटीकडे बघवेना.

पुढचा उन्हाळा वाईट होता. यवतमाळकरांना पाणीटंचाई नवी नाही, पण त्या वर्षी नळ पंधरा-पंधरा दिवसांनी आला, मग आलाच नाही. टँकरवर बायकांच्या गुंड-घागरींची रांग लागायची. सगळीकडे पिवळं, करपलेलं, आणि मधोमध मेजरांचा तो वीस बाय वीसचा हिरवा तुकडा. ते पाणी कुठलं होतं हे मला पक्कं ठाऊक होतं. दोघांच्या आंघोळीचं, भांड्यांचं, कपड्यांचं. कौसल्याबाई ते बादलीत धरायच्या, मेजर जुन्या साडीतून गाळून झारीनं शिंपडायचे. आमच्या घरचं कपड्यांचं पाणीसुद्धा मी त्यांना दोनदा नेऊन दिलं होतं.

पण टँकरच्या रांगेतून फक्त हिरवं दिसायचं. "आमाले प्याले पानी नाई, अन हे गवताले पाजून राह्यले." आधी कुजबुज झाली, मग मोठ्यानं. कुणी म्हणालं, फौजी कोट्यातून पाणी मिळतं. कुणी म्हणालं, टाकी लपवली आहे. एक दिवस कॉलनीची बैठक झाली. समितीचा सचिव मी होतो. लोक तापलेले होते. मला तिथं एवढंच म्हणायचं होतं की ते धुण्याचं पाणी आहे, मी स्वतः दिलं आहे. तोंडाशी आलं होतं. पण समोर बसलेल्यांपैकी तिघांच्या घरी चार दिवस पाणी नव्हतं, आणि मला वाटलं, आत्ता बोललो तर हे माझ्यावर उलटतील. ठरलं की सचिवांनी मेजरशी बोलावं.

मी संध्याकाळी गेलो. ते हिरवळीच्या कडेला बसून कात्रीनं काठ कापत होते.

"मेजर, थोडे दिवस पाणी बंद ठेवा. लोकांच्या डोळ्यांवर येतंय."

त्यांनी कात्री खाली ठेवली. "सर, तुमाले माईत हाय ना, हे कायचं पानी हाय थे?"

"माहीत आहे."

"मंग?"

ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्या चपलांकडे. मग ते म्हणाले, "ठीक हाय. तुमाले तरास नोको."

दुसऱ्या दिवसापासून धुण्याचं पाणी त्यांनी नालीत ओतलं. मोठ्या रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल असं, दारासमोर उभं राहून, बादलीन् बादली. पंधरवड्यात गवत पिवळं पडलं, महिन्याभरात जमीन भेगाळली. बकऱ्या येऊन मुळं उकरून गेल्या. कौसल्याबाई ओट्यावर बसून बघायच्या. हाकलायला उठायच्या नाहीत. पावसाळ्यात मी म्हटलं, "मेजर, पुन्हा लावू. मी येतो गोटे वेचायला." ते म्हणाले, "जाऊ द्या ना, सर." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. सकाळी काठी फिरवायलाही ते बाहेर येईनासे झाले.

कौसल्याबाईंचं दुखणं त्याच सुमारास निघालं. पोटात पाणी धरत होतं. दवाखान्यात दीड महिना होत्या. मेजर दिवसभर स्टुलावर बसून. एका दुपारी ते औषध आणायला गेले असताना त्यांनी मला जवळ बोलावलं.

"भाऊजी, एक इचारू? त्या बॉलचं हे तुमाले काही बोलले का?"

मी स्टूल पलंगाजवळ ओढलं.

"मले माईत हाय," त्या म्हणाल्या. "झोपेत बोलते हे. इतके वर्सं झाले. 'नाई साब, मैंने नहीं लिया,' असं म्हनते."

"मग ती पाटी..."

"मले वाटे, पाहून पाहून त्याइले खरं वाटन." त्यांनी डोळे मिटले. "मी गेल्यावर त्याइले बोलतं ठेवजा. कोनी तं इचारत जा, खेळ कसा असते म्हनून. मलेबी कधी सुचलं नाई इचाराले."

चार दिवसांनी त्या गेल्या. वर्षा पुण्याहून आली. मी हे बोलणं मेजरना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नाही, याचा निकाल माझ्या मनात अजून लागलेला नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तर बैठकीतल्या भिंतीवर पाटी नव्हती, नुसता खिळा होता. मेजर त्या भिंतीला पाठ लावून बसले होते. त्यांना बोलतं ठेवायचं म्हणून मी विचारलं, "मेजर, खेळ कसा असतो हो तुमचा? मला नीट सांगा एकदा."

त्यांनी खरंच प्रयत्न केला. "अठरा भोकं असते," म्हणाले. मग, "पयल्यापासून चालत जा लागते." आणि पुढं काही आलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

वर्षानं त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. त्यांनी हो-नाही काही केलं नाही. स्टिकांची बॅग त्यांनी आमच्या शाळेला दिली. शिपायानं त्या हॉकीच्या स्टिकांबरोबर कोपऱ्यात उभ्या करून टाकल्या. निघायच्या दिवशी सकाळी कॉलनीतली बरीच माणसं जमली. टँकरच्या रांगेत ओरडणारी पण होती, आणि ती मनापासून रडत होती. मेजरनी सगळ्यांना नमस्कार केला. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "येतो सर. तब्येत सांभाळा." मी म्हणालो, "पोचल्यावर फोन करा." त्यांचा हात गार होता. गाडी निघाली, लोक पांगले, आणि मी दूध आणायला म्हणून चौकाकडे चालत निघालो. खरं म्हणजे मला घरी जावंसं वाटत नव्हतं.

कापसाचे दिवस होते. चौकाच्या अलीकडे जिनिंगच्या कारखान्याच्या फाटकापाशी कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यावर आली होती, आणि त्या रांगेत वर्षाची गाडी अडकलेली मला दिसली. वळून जावं असं वाटलं, पण रस्ता एकच होता. चालत चालत मी गाडीच्या बरोबरीला आलो. मेजर खिडकीशी बसले होते. त्यांनी मला पाहिलं. मी थांबलो. आता पुढं निघून जाणं बरं दिसलं नसतं, आणि थांबून बोलायला काही उरलं नव्हतं. पुढच्या ट्रॅक्टरवरून कापूस उडत होता. एक झुबका काचेला येऊन चिकटला. वर्षा हॉर्न वाजवत होती.

मेजरनी काच खाली केली.

"सर," ते म्हणाले, "आपलं बोलनं झालं ना?"

"झालं," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि काच वर केली. रांग हलायला अजून बराच वेळ लागला. तेवढा वेळ ते समोर बघत बसले होते आणि मी तिथंच, गाडीपासून हातभर अंतरावर, उभा होतो.